समुद्रात रेडे येत नाहीत

मुक्ता आणि ईशान,

तुमच्या नव्या घरासाठी पणजोबांचा फोटो मोठा करून पाठव आणि ते कसे होते तेही थोडक्यात लिही, असं मुक्ता परवा फोनवर म्हणाली. त्याच फोनवर ईशाननं मला एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा भर समुद्रात दोन देशांच्या लढाऊ बोटी समोरासमोर आल्या होत्या, इतक्या जवळ की मधून डोंगासुद्धा जाऊ नये. "आजी, यात बरोबर कोण?" त्यानं विचारलं. नंतर सांगते, म्हटलं होतं. तेच आता सांगते आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका माणसापाशी आहे, आणि तो माणूस तुमचे पणजोबा नव्हेत.

फोटो वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. भिंतीवर लावण्याआधी हे वाचा.

ज्यांच्याबद्दल सांगते आहे ते आमच्या घाटावरचे एक नावाडी. समोरून कुठलीही नाव येताना दिसली की ते वल्हवायचं थांबवत. वल्हं पाण्यातून काढत आणि दोन्ही हातांनी छातीसमोर सरळ उभं धरत, पातं आकाशाकडे. नाव ओळखीची असो वा नसो, ती बाजूनं निघून जाईपर्यंत ते तसेच राहत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, हा आता डोक्यात घालतो. पण तो आरमारातला सलाम होता. त्याचा अर्थ ते सांगत, "मी तुमाले पाह्यलं. अन् माह्या हातात दुसरं काई नाई."

सगळे त्यांना नेव्हीभाऊ म्हणत. खरं नाव मी लिहीत नाही, कारण परवानगी विचारावी असं त्यांच्या घरचं कोणी आता मला ठाऊक नाही.

आम्ही तेव्हा सिरोंच्याच्या वरच्या अंगाला, प्राणहिता नदीच्या काठी राहत होतो. माझे बाबा सागवानाचे ठेकेदार. आलापल्लीकडच्या जंगलातून ओंडके बैलगाड्यांनी आमच्या घाटावर येत. सागवान ओलं असताना एकटं तरंगत नाही, म्हणून त्याला दोन्ही अंगांनी बांबूच्या मोळ्या बांधून तराफे करत आणि ते खाली गोदावरीकडे सोडत. पलीकडच्या काठावर तेलुगू मुलूख, दुसरं राज्य, दुसरा ठेकेदार. मधली नदी कोणाची, हे तोवर कोणी विचारलं नव्हतं.

नेव्हीभाऊ बाबांच्या नावा आणि तराफे सांभाळत. जातीनं ढीवर, म्हणजे पाण्यावरचेच. लढाईच्या काळात कोणीतरी भरतीला नेलं, तसे हे नदीवरून थेट समुद्रावर गेले आणि काही वर्षांनी परत आले. येताना पांढरा सदरा, शिट्टी आणि शिस्त घेऊन आले. त्यांचा डोंगा एका खोडातून कोरलेला, गुरांच्या पाण्याच्या डोणीहून फार वेगळा नव्हता. पण रोज सकाळी तो नारळाच्या काथ्यानं घासला जाई. बायको म्हणे, "घरातली भांडी घासाले नाई येत तुमाले?" त्यावर उत्तर ठरलेलं, "भांडं भांडं हाय. हे जहाज हाय."

त्यांनी बांधलेली गाठ गावात कोणाला सुटत नसे. एकदा पाटलाची म्हैस अशी बांधली की दोरी कापावी लागली आणि पाटील चिडले. "काऊन चिडता जी?" नेव्हीभाऊ म्हणाले, "म्हैस गेली का? नाई ना?"

कधी ते घाटावरच्या ओंडक्यावर तळवा टेकून उभे राहत. जहाजाचा डेक सागवानाचा असतो, हे मला त्यांनीच सांगितलं. "कोन जाणे बाई, आपल्याच जंगलावर चालून आलो असन मी."

मी त्या वर्षी नागपूरहून बी. ए. होऊन घरी बसले होते. लग्न ठरेपर्यंत काम असं नव्हतं. नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र मोटारीनं चार-पाच दिवस उशिरा येई. बाबांचं वाचून झालं की मी ते घाटावर नेई आणि नेव्हीभाऊंना मराठीत सांगे. वर्ष सुएझचं होतं, १९५६. इंग्रजांचं आणि फ्रेंचांचं आरमार भूमध्य समुद्रात निघालं होतं, आणि अमेरिकेच्या बोटीही त्याच पाण्यात फिरत होत्या. इंग्रजांचं म्हणणं छापून आलं होतं की आम्ही इजिप्त आणि इस्रायल या दोघांचं भांडण सोडवायला जात आहोत.

"तोफा घेऊन?" नेव्हीभाऊंनी विचारलं.

"हो."

"मंग भांडन सुटलं समजा." आणि ते इतके हसले की डोंगा हलला.

पण बोटी समोरासमोर येण्याबद्दल ते कधी हसत नसत. त्यांच्या जहाजावर तसा प्रसंग आला होता. कुठल्याशा आखाताबाहेर, खुल्या समुद्रात, दुसऱ्या देशाचं जहाज आडवं आलं. हेही हटेनात, तेही हटेनात. दिवसभर दोन्ही जहाजं नाकाला नाक लावून उभी. दुसरं जहाज कोणाचं होतं, हे मी अनेकदा विचारलं. "ते सांगाचं नसते बाई," एवढंच म्हणत. युद्ध संपून दशक उलटलं होतं, तरी प्राणहितेच्या काठावर त्यांनी ते गुपित सांभाळलं होतं.

"मंग काय झालं?" घाटावरचे हमाल विचारत. गोष्ट सगळ्यांची पाठ होती, तरी विचारत.

"मंग काय, निशाणं हलली. त्यायनं म्हटलं, तुमी वळा. आमी म्हटलं, तुमी वळा. शेवटी ठरलं, दोघंबी संगच वळू. अन् वळलो. ते पाहाचं असते. एवढी मोठी दोन जहाजं, एकाच टायमाले तोंड फिरवून राह्यली. कोनी हारलं नाई."

"अन् ते वळलेच नसते तर? तुमीच वळले असते एकटे?"

"तिथी कोनाचं राज्य नसते रे बाबू. पोलीस नाई, पाटील नाई, कोर्ट नाई. तिथी फक्त शब्द असते. तोही मोडला तर समुद्रात राह्यलं काय? पानी."

हे त्यांचं पालुपद होतं. घाटावर कोणी थाप मारली की हमाल एकमेकांना म्हणत, "राह्यलं काय? पानी!"

त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. वरच्या अंगाला बाबांचे तराफे तुटले, पलीकडच्या ठेकेदाराचेही तुटले. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरलं, तेव्हा नदीच्या मधोमध रेतीचं बेट वर आलं आणि त्यावर दोघांचं सागवान एकमेकांत मिसळून पडलेलं दिसलं. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर मालकाच्या घणाची छाप असते. पण रेतीनं कितीतरी छापा घासून गेल्या होत्या. त्यातून त्याच आठवड्यात राज्यांच्या हद्दी बदलल्या. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पलीकडचा हैदराबादेतून आंध्रात. बेट कोणाचं, हे सांगणारं दोन्ही काठांवर कोणी नव्हतं.

एका सकाळी पलीकडून डोंगे निघाले. ते पाहून आमचेही निघाले. बेटाच्या दोन्ही बाजूंना नावा उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढच्या डोंग्यात मल्लन्ना होता. तिकडच्या नाववाल्यांचा तो म्होरक्या, वयानं नेव्हीभाऊंहून थोडा मोठा. दोघांची कित्येक वर्षांची ओळख. भर नदीत उभं वल्हं धरण्याचा सलाम पलीकडच्या काठानं उचलला तो त्याच्यामुळे.

आमच्या लोकांनी कुऱ्हाडी बरोबर घेतल्या होत्या. नेव्हीभाऊंनी त्या डोंग्यांच्या तळाशी गोणपाटाखाली ठेवायला लावल्या. मग नियम सांगितले, ओरडूनच, पलीकडच्यांनाही ऐकू जावेत म्हणून. रेतीवर कोणी पाय ठेवायचा नाही. आयाबहिणींवरून शिव्या नाहीत. जेवायचं ते एकमेकांना दिसेल असं जेवायचं. शेवटचा नियम मला कळला नाही. "जेवताना मानसाले मारू वाटत नाई," ते म्हणाले.

मी काठावरून पाहत असे. दिवसामागून दिवस नावा तशाच. चेष्टा मात्र दोन्हीकडून चाले. आमच्यातला एक ओरडे, "ए, भात करपला बे तुमचा! इथवर वास येऊन राह्यला!" पलीकडून हसत तेलुगूत उत्तर येई, "रा, तिनु!" म्हणजे ये, खा. एकदा आमची तंबाखू संपली. मल्लन्नानं पुडी फेकली, ती पाण्यात पडली, आणि दोन्हीकडचे लोक एकाच वेळी हळहळले.

दुपारी मी वर्तमानपत्रातली बातमी काठावरून मोठ्यानं सांगे. सुएझमध्ये काय झालं हे विचारल्याशिवाय नावांवर कोणी पाणी पीत नसे. "बाई, त्यायच्यात आपला मालक कोन अन् पलीकडचा कोन?" असं एकानं विचारलं.

पण असं किती दिवस चालणार? माणसं कंटाळली होती. एक दिवस कोणीतरी कुऱ्हाडींवरचं गोणपाट उचललं आणि त्या दिवशी चेष्टा झाली नाही. संध्याकाळी नेव्हीभाऊ आमच्या ओसरीवर आले. बाबा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते.

"मालक, मल्लन्ना तयार हाय. उद्या दुपारी दोघंबी संगच वळू. परवा सकाळी दोन्हीकडचे दोन-दोन जुने लोक बेटावर उतरतीन, छाप पाह्यतीन, आपापलं घेतीन. छाप नसन ते अर्धं अर्धं. तुमचा शब्द पाह्यजे."

"दिला, जा."

नेव्हीभाऊ हलले नाहीत. "मालक, मल्लन्ना माह्याकडं पाहून वळन. मले पक्कं पाह्यजे."

बाबा हसले. मी दारात उभी होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घे. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. एकाही नावेला बेटाजवळ जाऊ देणार नाही. आता झालं?"

नेव्हीभाऊंनी हात जोडले. "झालं जी. याच्यावर काई नाई."

बाबांचा हात जड आणि गरम होता. त्याला सुपारीचा वास होता. मला अभिमान वाटला, हे मला स्वच्छ आठवतं. माझे बाबा शब्दाचे पक्के आहेत आणि तो शब्द माझ्या डोक्यावर आहे, असं वाटून मी ताठ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही काठांवर गाव जमलं होतं. नेव्हीभाऊंनी शिट्टी वाजवली. सगळ्या नावांवर वल्ही उभी राहिली, इकडची आणि तिकडचीही. क्षणभर नदीत वल्ह्यांचं रान उगवल्यासारखं दिसलं. मग दुसरी शिट्टी झाली आणि सगळे डोंगे एकदम वळले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेव्हीभाऊ काठाला लागले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "पाह्यलं का बाई? असंच झालं होतं. अगदी असंच."

ठरलेल्या सकाळी बेट रिकामं होतं.

एकही ओंडका नव्हता, छापेचा नाही आणि बिनछापेचाही नाही. रेतीवर फक्त ओढल्याचे खोल चर होते आणि रेड्यांच्या खुरांचे ठसे. सगळे चर आमच्या काठाकडे येणारे. आमच्या बाजूची धार तोवर इतकी उतरली होती की बाबांचे रेडे रात्री पोटापर्यंतच्या पाण्यातून चालत गेले आणि चालत आले. पलीकडची धार खोल होती. त्यांना रेडे घालता आले नसते. बाबांनी एकाही नावेला बेटाजवळ जाऊ दिलं नव्हतं. शब्द अक्षरशः पाळला होता.

ठरल्याप्रमाणे मल्लन्ना आला. त्याच्या डोंग्यात दोन म्हातारे धुतलेली पागोटी घालून बसले होते. त्यांनी बेट पाहिलं. नेव्हीभाऊ अर्ध्या नदीत गेले, थांबले आणि त्यांनी वल्हं उभं केलं. समोरून एकही वल्हं उठलं नाही. तरी ते धरूनच राहिले.

मल्लन्ना त्याच्या मोडक्या मराठीत एवढंच म्हणाला, "तुझ्याकडं पाहून वळलो रे मी."

आणि तो वळला. या वेळी एकटाच.

नेव्हीभाऊ तसेच थेट आमच्या ओसरीवर आले. बाबा सुपारीच कातरत होते.

"मालक, पोरीच्या डोक्यावर हात होता."

"नावा गेल्या का?"

"नाई."

"मग? मी नावांचं म्हटलं होतं. रेड्यांचं म्हटलं होतं का?"

नेव्हीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, घाबरून. अंगणात साप दिसला की आपण लेकराकडे पाहतो तसं. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, पायरीवर ठेवली आणि गेले. बाबांच्या घाटावर ते पुन्हा आले नाहीत.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता."

"तू बी. ए. झालीस ना?" ते हसून म्हणाले. "शपथा-बिपथांनी कोणाचं काही होतं का? एवढं इंग्रजी शिकवलं ते कशासाठी?"

बाळांनो, ते वाक्य मी आजही ऐकते. त्यांनी मला शिकवलं, खूप हौसेनं शिकवलं, त्या काळात त्या रानात कोणी मुलीला शिकवत नव्हतं. ते सगळं खरं आहे. पण माझं डोकं त्यांना दोनदा उपयोगी पडलं. एकदा शपथ घ्यायला आणि एकदा ती काहीच नव्हती असं म्हणायला. शपथेनं काही होत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मला दुखलं ते हे की, नेव्हीभाऊंचा तिच्यावर विश्वास आहे हे बाबांनाही ठाऊक होतं.

पुढे नेव्हीभाऊ दोन कोस वरच्या घाटावर लोकांना नदीपार नेऊ लागले. मी एकदा मुद्दाम गेले. त्यांनी मला निरखून पाहिलं. "डोकं नाई दुखत ना बाई? ताप-गिप?"

"मी ठणठणीत आहे, नेव्हीभाऊ."

"चूक माह्यीच झाली," ते म्हणाले. "समुद्रात कोनी चालत येत नाई. मी नावाच धरून बसलो. समुद्रात रेडे येत नाईत बाई."

त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आलं. मग ते हसले. मी सवयीनं वर्तमानपत्र नेलं होतं. सुएझमधून आरमारं परत फिरत आहेत, असं त्यात होतं.

"वळले?"

"वळत आहेत."

"चांगलं झालं," ते म्हणाले.

थंडीत मला हिवताप आला. त्या भागात तो घरोघर येई, त्यात नवल काही नव्हतं. डॉक्टरांचं क्विनाईन चालू होतं. पण नेव्हीभाऊंना कळलं. ते आले आणि आमच्या कुंपणाबाहेर बसून राहिले. आईनं आत बोलावलं तरी आले नाहीत. नंतर ते काय करून आले, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं.

ते डोंगा घेऊन नदीच्या मध्यावर, त्या बेटाच्या बाजूला गेले आणि वल्हं उभं करून उन्हात थांबले. पलीकडचे येता-जाता पाहत, कोणी थांबत नसे. दुपार कलली तेव्हा मल्लन्ना आला.

"मले माफ करू नको," नेव्हीभाऊ म्हणाले. "पन पोरीवरची शपथ उतरव. तिले ताप हाय."

शपथ ज्याच्यासाठी घेतली त्यानंच ती उतरवायची असते, असा तिकडे रिवाज. मल्लन्ना परत गेला. थोड्या वेळानं आला तेव्हा त्याच्या हातात बायकोनं दिलेलं हळकुंड आणि कडुलिंबाचा पाला होता. "पोरीचं आमच्याकडं काही नाही," तो म्हणाला. म्हणजे शपथ उतरली. हळकुंड दिलं आणि निघाला. नेव्हीभाऊंनी पुन्हा वल्हं उभं केलं. मल्लन्नानं केलं नाही.

ते हळकुंड आईनं माझ्या उशाखाली ठेवलं. बाबांना दिसलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलताना सुपारीकडे पाहून बोलत. बेटावरच्या सागवानाच्या पैशातून त्यांनी पुढच्या वर्षी माझं लग्न थाटात लावून दिलं. जेवणावळीला आलेले लोक पुढे कित्येक वर्षं त्याची आठवण काढत. मी नाही.

लग्नाच्या आधीच नेव्हीभाऊ गाव सोडून गेले होते. कोणी म्हणालं मुंबईच्या गोदीत गेले, कोणी म्हणालं विशाखापट्टणला. बायको माहेरी गेली. त्यांचा डोंगा वरच्या घाटावर पालथा पडला होता, घासून पांढरा केलेला. सासरी निघाले तेव्हा मी गाडी थांबवून तो पाहिला. पाऊस लागू नये म्हणून पालथा घातला होता. दोरी खुंट्याला त्यांच्याच गाठीनं बांधली होती, आणि ती कोणी सोडवलेली नव्हती.

ईशान, त्या चित्रफितीत बरोबर कोण, मला माहीत नाही. कोण वळलं ते कळलं तर मला सांग. त्याच्याकडे पाहून जो वळला, त्याचं पुढे काय झालं तेही सांग. मुक्ता, फोटो लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. चांगला आला आहे. उजव्या हातात अडकित्ता आहे.

तो घाट आता नाही. बाबा नाहीत, मल्लन्ना नाही, नेव्हीभाऊ कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. ज्या डोक्यावर हात ठेवून ती शपथ घेतली होती ते अजून आहे. पांढरं झालं आहे, पण दुखत नाही.

तुमची आजी